एफएसआयच्या आधी पाचशे मीटरचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरात वाहतुकीचा विषय निघाला की बोलणं शेंद्रा ते वाळूज या दोन औद्योगिक वसाहतींमधल्या पट्ट्यावर येऊन थांबतं. मेट्रो करायची की उड्डाणपूल, खांब जालना रोडच्या मधोमध की कडेला, पैसा केंद्राचा की राज्याचा, यावर पानंच्या पानं भरतात. त्याच जालना रोडला बरीचशी समांतर अशी एक रेल्वेलाइन १९०० च्या सुमारास निजामाच्या काळात टाकली गेली. मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, बदनापूर अशी तिची स्टेशनं आज वस्तीच्या किंवा कारखान्यांच्या अंगावर आली आहेत. तिच्यावर लोकल सोडा, ही मागणी अधूनमधून होते. ती झाली की लगेच दुसरा वाद उभा राहतो: स्टेशनांभोवती चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाची परवानगी, दिला तर भलं शहराचं होणार की बिल्डरांचं? दोन्ही वादांत एक साधा प्रश्न राहून जातो. गाडीतून उतरलेला माणूस फलाटावरून पुढे जाणार कुठून?

या लेखातलं म्हणणं असं. स्टेशनभोवतीच्या विकासात पहिला क्रमांक रुळांच्या दोन्ही बाजू जोडणाऱ्या वाटांचा, दुसरा रस्त्यांच्या आखणीचा, तिसरा जमिनीच्या वापराचा. वाढीव एफएसआय अगदी शेवटी येतो, तोही गाड्या ठरावीक वेळेला, ठरावीक अंतराने प्रत्यक्ष धावू लागल्यावरच. मात्र पहिल्या तीन गोष्टी आत्ताच कागदावर आल्या पाहिजेत. त्यांची वेळ निघून चालली आहे.

कारण दुहेरीकरण. अंकाई ते संभाजीनगर या ९८ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला आधीच मंजुरी मिळालेली होती. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणालाही मान्यता दिली, खर्च २,१७९ कोटी रुपये. दुहेरीकरणात नुसता शेजारी दुसरा रूळ पडत नाही, वाटेतल्या स्टेशनांचं यार्ड नव्याने आखलं जातं. फलाट कुठे, लूप लाइन किती लांब, पादचारी पूल कोणत्या टोकाला, भुयारी मार्ग कुठे आणि किती रुंद, हे सगळं ज्याला रेल्वेत ईएसपी (इंजिनिअरिंग स्केल प्लॅन) म्हणतात त्या नकाशावर उतरतं, आणि त्यावर परिचालन, सिग्नल, अभियांत्रिकी, विद्युत अशा सगळ्या विभागांच्या सह्या होतात. त्या झाल्यावर एखादा भुयारी मार्ग पन्नास-साठ मीटर सरकवायचा म्हटलं तरी कागद पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरतो. बांधकामाचंही तसंच. नव्या रुळाचा भराव घालतानाच त्याखाली सिमेंटची चौकट बांधून घेता येते. रूळ वाहता झाल्यावर तेच काम करायचं तर चालू मार्गाखालून चौकट ढकलावी लागते, गाड्यांचा वेग उतरवावा लागतो, कामासाठी वाहतूक थांबवायचे ब्लॉक मागावे लागतात. शहरातल्याच शिवाजीनगरच्या एका रेल्वे फाटकाला भुयारी पर्याय मिळायला किती वर्षं गेली, हे रुळांपलीकडच्या सातारा-देवळाईच्या रहिवाशांना सांगायला नको. मग पुढच्या फाटकांचा विचार नकाशा बनत असतानाच करायला कोणाची हरकत आहे?

आता पाचशे मीटरचं गणित. नियोजनकार नकाशावर स्टेशन मध्यबिंदू धरून पाचशे मीटरचं वर्तुळ काढतात. मिनिटाला ७५ मीटर चालीने ते पावणेसात मिनिटांचं अंतर, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ७८ हेक्टर. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात स्टेशनचं दार एकाच बाजूला असलं आणि रूळ ओलांडायला अधिकृत जागा नसली, तर त्यातले ३९ हेक्टर पहिल्याच फटक्यात बाद होतात. त्यात भर फलाटाची. चोवीस डब्यांच्या गाडीसाठी बांधलेला फलाट साडेपाचशे मीटरच्या आसपास लांब असतो. बाहेर पडायची वाट एकाच टोकाला असली तर दुसऱ्या टोकाला उतरलेल्या माणसाची पाचशे मीटर स्टेशनच्या आतच संपतात. आठ डब्यांची मेमू, म्हणजे कमी अंतराची विजेवरची गाडी, जेमतेम पावणेदोनशे मीटर लांब. ती फलाटावर नेमकी कुठे थांबवायची आणि पूल तिच्या मध्याशी आणायचा की नाही, एवढ्या एका निर्णयाने हजारो लोकांचं रोजचं चालणं दोनशे-तीनशे मीटरने कमी किंवा जास्त होतं. तो निर्णय ईएसपीवरच होतो.

पूल की भुयार, हाही तपशील म्हणून सोडून देण्यासारखा प्रश्न नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर पुलाचा तळ रुळापासून साधारण साडेसहा मीटर उंच ठेवावा लागतो. त्यात पुलाची जाडी मिळवली आणि फलाटाची उंची वजा केली तरी चढणाऱ्याला सहा मीटरहून जास्त चढायचं असतं. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर चाळीसहून अधिक पायऱ्या वर आणि तितक्याच खाली. हातात डबा, पाठीवर सॅक, बरोबर म्हातारी आई असलेला माणूस त्या चढेल, की रूळ ओलांडेल? तो रूळ ओलांडतो, म्हणून जाळी लावली जाते, आणि महिन्याभरात जाळीला भगदाड पडतं. माणूस उभा राहून चालेल एवढ्या भुयाराला तीन-साडेतीन मीटर उतरणं पुरतं. त्याचा दोष पाण्याचा. म्हणून पाणी गोळा करणारी टाकी (संप), दोन पंप, त्यातला एक राखीव, तोंडाशी उंचवटा आणि वरून छप्पर या चार गोष्टी अंदाजपत्रकात असल्या तरच भुयार मागावं. त्या वगळून स्वस्तात उरकलेलं भुयार पावसाळ्यात डबकं होतं, आणि मग भुयारं आपल्याकडे चालतच नाहीत असा निष्कर्ष निघतो.

एफएसआयकडे वळू. पुणे, नागपूरच्या मेट्रोसाठी राज्याने पाचशे मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआयची तरतूद केली आहे, आणि तीच इथे आणावी असं म्हणणारे बरेच आहेत. पण ती चार एफएसआय सरसकट नाही. रस्ता जितका रुंद आणि भूखंड जितका मोठा, तितकी परवानगी जास्त. मुकुंदवाडीच्या स्टेशनलगतच्या गल्ल्या पंधरा-वीस फुटी आणि प्लॉट एक-दोन गुंठ्यांचे. म्हणजे वाढीव एफएसआय स्टेशनजवळच्या घरमालकाच्या हाती पडणारच नाही, तो जाईल जालना रोडवर रुंद दर्शनी बाजू असलेल्या मोठ्या भूखंडाला, जो स्टेशनपासून लांब आहे. शिवाय शेजारी विमानतळ. चिकलठाणा विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा दाखला लागतो, त्यामुळे बऱ्याच जागी वरचे मजले नुसते कागदावर राहतील आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क, म्हणून दुसरीकडे विकायची मागणी पुढे येईल.

उंच मनोरे मुळात लागतातच कुठे? ७८ हेक्टरांतून रस्ते, रेल्वे, शाळा, मैदानं यांचे ३५ टक्के काढले तर ५१ हेक्टर उरतात. त्यावर तळमजला अधिक तीन मजले, म्हणजे सरासरी दीड एफएसआय धरला तर साडेसात लाख चौरस मीटरहून जास्त बांधकाम होतं. त्यातलं ७० टक्के राहण्यासाठी, एका कुटुंबामागे ६० चौरस मीटर, कुटुंबात साडेचार माणसं. हिशेब ४० हजार माणसांवर जातो. चाळीस हजार माणसं सात मिनिटांच्या पायी अंतरात, लिफ्ट बंद पडली तरी जिना चढता येईल अशा इमारतींत! मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला नेमकं हेच केलं. आधी रस्ते, गटारं, झाडं आणि मैदानं, मग तीन-चार मजली घरं, सगळी स्टेशनच्या पायी टप्प्यात. सव्वाशे वर्षांनी आज तिथे जागेचे भाव काय आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आता विरोधकांचे मुद्दे. त्यातले काही फार सबळ आहेत. पहिला पाण्याचा. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, तिथे आणखी चाळीस हजार माणसं एका जागी आणायची? माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर हे ५४ लाख लिटर होतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पन्नास वाघिणींची पाण्याची गाडी आली, तिच्यात २५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका स्टेशनच्या परिसराला रोज अशा दोन गाड्यांहून जास्त पाणी. हा आकडा हलक्यात घेण्यासारखा नाही. जायकवाडीची नवी योजना पूर्ण क्षमतेने चालल्याशिवाय एकही वाढीव मजला देऊ नये, ही अट मला पूर्ण मान्य आहे. पण ती चाळीस हजार माणसं स्टेशनजवळ राहिली नाहीत तर कुठे राहतील? पैठण रोडला, बीड बायपासच्या पलीकडे, शेतात पडलेल्या प्लॉटिंगवर. तिथे दोन गुंठ्यांचे प्लॉट, त्यातले निम्मे रिकामे, हेक्टरी सत्तर-ऐंशी माणसं. स्टेशनजवळ हेक्टरी पाचशे. तितक्याच माणसांना तितकंच पाणी द्यायला बाहेर सहा-सातपट जमिनीवर जलवाहिन्या पसराव्या लागतात. गळती होते ती सांध्यांतून, आणि सांधे वाढतात वाहिनीच्या लांबीबरोबर. गटारही तितकंच पसरतं, म्हणून ते होतच नाही. सेप्टिक टँक आणि टँकर यांवर वसाहत उभी राहते आणि पुढे गुंठेवारीच्या कायद्याखाली नियमित होते. २००१ चा तो कायदा २०२१ मध्ये वाढवून २०२० अखेरपर्यंतच्या वसाहतींना लावावा लागला, यातच सगळं आलं. पाण्याची टंचाई हा दाट वस्तीविरुद्धचा मुद्दा म्हणून मांडला जातो, पण हिशेब मांडला तर तो विखुरलेल्या वस्तीविरुद्ध जातो.

दुसरा मुद्दा रेल्वेचा, आणि तो माझ्या मते सगळ्यांत भक्कम. गाड्याच नसतील तर स्टेशनभोवती वस्ती कशाला? एकेरी मार्गाची क्षमता काढायला रेल्वेत स्कॉटचं सूत्र वापरतात: दिवसाची १,४४० मिनिटं घ्यायची, त्यांना सगळ्यांत संथ गाडीला अवघड ब्लॉक सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला तुकडा, ओलांडायला लागणारी मिनिटं अधिक त्या तुकड्यात गाडी सोडायची परवानगी देण्याघेण्याची मिनिटं यांनी भागायचं, आणि ०.७ ने गुणायचं. पंधरा आणि पाच मिनिटं धरली तर उत्तर येतं ५०, दोन्ही दिशा मिळून. सकाळी सहा ते रात्री दहा दर अर्ध्या तासाला लोकल म्हणजे जाऊन-येऊन ६४ फेऱ्या. एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळ्या बंद केल्या तरी त्या बसत नाहीत. तेव्हा आजच्या आज लोकल सोडा म्हणणाऱ्यांनी हे सूत्र एकदा मांडून बघावं. जालना-संभाजीनगर अप-डाऊन करणाऱ्यांचे हाल खरे आहेत, पण त्यांना आज मिळू शकतं ते शिफ्टच्या आणि कॉलेजच्या वेळा सांभाळणाऱ्या मोजक्या मेमूंचं वेळापत्रक. अर्ध्या तासाची सेवा दुहेरीकरणानंतरचीच गोष्ट.

म्हणूनच एफएसआयला कुलूप हवं. नियमात सरळ लिहावं की सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत दर अर्ध्या तासाला थांबणारी गाडी सलग वर्षभर धावली, तर आणि तेव्हाच त्या स्टेशनच्या पट्ट्यात वाढीव एफएसआय लागू होईल. पुण्यात बसला वेगळी मार्गिका देणारी बीआरटी आली आणि मार्गाचा बराच भाग पुढे उखडला गेला. सेवा परत घेता येते, बांधलेला मजला परत घेता येत नाही.

पण आधी गाड्या की आधी वस्ती, हे कोडं जगात कुणी सोडवलंच नाही असं नाही. ओसाकाजवळ १९१० मध्ये कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीने विरळ वस्तीतून रेल्वे टाकली आणि तिच्याच कडेला इकेदा इथे घरांचे प्लॉट पाडून ते मासिक हप्त्यांवर विकले. जमीन आणि गाडी एकाच हातात होती, म्हणून जमलं. आपल्याकडे गाडी दक्षिण मध्य रेल्वेच्या हातात, तिचं मुख्यालय सिकंदराबादला. जमीन महापालिका, एमआयडीसी, शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी ऑरिक आणि शेतकरी यांच्यात वाटलेली. तेव्हा एकत्र येण्यासाठी करार लागेल, आणि त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबईच्या रेल्वेमार्गांचा ६७ टक्के खर्च सिडको या राज्याच्या नगरविकास कंपनीने उचलला, ३३ टक्के रेल्वेने, आणि स्टेशनांवर व्यापारी संकुलं उभी राहिली. १९९२ मध्ये वाशीला गाडी पोचली. आता हे पाहा: सत्तरच्या दशकात त्याच सिडकोने औरंगाबादेत एन-१ पासून पुढची नवी वसाहत आखली. तिकडे रेल्वे मध्यभागी धरली, इकडे असलेल्या रेल्वेकडे पाठ फिरवून सगळं जालना रोडवर टांगलं. आज त्या रस्त्यावर जी कोंडी होते, तिचा उगम मला इथे दिसतो. आणि वाशीचंही सगळं उचलण्यासारखं नाही. स्टेशन आणि जुनी सेक्टरं यांच्यामध्ये सायन-पनवेल महामार्ग आडवा पडला आहे, त्यामुळे वर्तुळाचा मोठा तुकडा पायी चालणाऱ्याला परकाच राहतो. जालना रोडवर उड्डाणपूल उभा केला तर मुकुंदवाडीत तीच चूक आपण पैसे मोजून करू.

लातूरचं उदाहरण उलट्या बाजूचं. नॅरोगेजच्या काळात स्टेशन गावात होतं. २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाली आणि गावातलं स्टेशन बंद होऊन नवं स्टेशन शहराच्या कडेला गेलं. मानवत रोड, वैजापूरसाठीचं रोटेगाव ही तर जन्मापासून गावाबाहेरची स्टेशनं. अशा ठिकाणी पाचशे मीटरचं वर्तुळ काढून नियम लावणं निरर्थक. तिथे गाडीच्या वेळेला बांधलेली बस हाच इलाज. संभाजीनगर-जालना पट्ट्याचं भाग्य हे की इथे स्टेशनं वस्तीच्या आत किंवा लगत आहेत.

तिसरा मुद्दा गरिबांचा. जमिनीचे भाव वाढले की भाडेकरू आधी उठतात. सवलतीच्या घरांचा नियम आहेच, असं उत्तर यावर दिलं जातं. ते अपुरं आहे. दहा लाखांवरच्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर वीस टक्के छोटी घरं ठेवावी लागतात, म्हणून भूखंडाचे चार हजारांच्या आतले तुकडे पाडले जातात. स्टेशनच्या पट्ट्यात ही मर्यादा हजारावर आणावी आणि साठ चौरस मीटरहून मोठ्या घरावर वाढीव एफएसआय देऊच नये. ज्याच्या दारात दोन गाड्या असतात तो लोकलने जात नाही. एका कारच्या पार्किंगला येण्याजाण्याच्या जागेसह पंचवीस चौरस मीटर लागतात, म्हणजे त्याच्या दोन गाड्या जवळजवळ एका कुटुंबाची जागा खातात. मोटरसायकलची गोष्ट वेगळी. हजार मोटरसायकली अडीच-तीन हजार चौरस मीटरांत मावतात, आणि शेंद्र्याहून, आजूबाजूच्या खेड्यांतून येणाऱ्यांना त्या लागणारच. फक्त तो स्टँड दारापासून दीडशे-दोनशे मीटर मागे ठेवावा. दाराशी बस, शेअर रिक्षा आणि पायी माणूस.

उरला उन्हाचा मुद्दा. मे महिन्यात बेचाळीस अंशांत पाचशे मीटर कोण चालेल? सावली असली तर सगळे चालतील, नसली तर कुणी नाही. इमारतीसमोर तीन-साडेचार मीटर मोकळं सामासिक अंतर आणि पुढे कंपाउंडची भिंत हा आपला नियम रस्त्याला उघडं पाडतो. त्याऐवजी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तळमजला रस्त्याला भिडवून तीन मीटर खोल ओसरी सक्तीची करावी, वरचे मजले तिच्यावर. बाकी ठिकाणी सहा-आठ मीटरवर कडुनिंब. पदपथावर अडथळ्याविना किमान १.८ मीटर जागा हा भारतीय रस्ते काँग्रेसचा मापदंड आहे, बाजारपेठेत अडीच मीटर. विजेच्या डीपी, केबलचे खांब आणि पाणीपुरीच्या गाड्या यांना त्याबाहेर वेगळी पट्टी दिली नाही तर हा मापदंड उद्घाटनाच्या आठवड्यातच संपतो.

मुकुंदवाडीत भरलेल्या वस्तीतून वाटा काढायच्या आहेत, ते सावकाशीचं काम. करमाडला मात्र अजून शेतं आहेत, आणि तिथे प्लॉटिंगच्या आधी नगररचना योजना झाली पाहिजे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, मैदानं, स्टेशनचा चौक काढून उरलेल्या जमिनीचे चौकोनी अंतिम भूखंड मालकांना परत द्यायचे. समजा दोन एकर, म्हणजे ८० गुंठ्यांच्या मालकाची ४० टक्के जमीन गेली, तर ४८ गुंठे परत येतात, पण बारा मीटर रस्त्यावरचे, गटार-पाण्यासह. मुंबई इलाख्यात याचा कायदा १९१५ पासून होता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने ती सवय इथे रुजलीच नाही, आणि भूसंपादन किंवा बेकायदा प्लॉटिंग हे दोनच रस्ते लोकांना माहीत झाले. ही योजना बाकी विकास आराखड्यासारखी रेंगाळली तर तिचा उपयोग नाही. म्हणून सुरुवात वर्तुळातल्या सगळ्या ७८ हेक्टरांनी न करता स्टेशनलगतच्या पंचवीस-तीस हेक्टरांनी करावी, जिथे खातेदार मोजके आहेत.

आणि पहिला खर्च कोणी करायचा? रेल्वे तिच्या गरजेपुरता पूल बांधेल, साधारण तीन मीटर रुंदीचा, फलाटापुरता. तो दोन्ही बाजूंच्या वस्तीत उतरवायचा, रुंद करायचा किंवा त्याऐवजी भुयार मागायचं, तर जादा खर्च महापालिकेने किंवा ऑरिकने ठेव म्हणून रेल्वेकडे भरावा लागतो. तसं पत्र आणि सोबत मोजमापाचा नकाशा रेल्वेच्या नांदेड विभागाकडे ईएसपीवर सह्या होण्यापूर्वी पोचला पाहिजे. मुकुंदवाडीला दोन्ही टोकांना भुयार, चिकलठाण्याला दक्षिणेकडून दुसरं दार, करमाडला मेमूच्या थांब्याच्या मध्याशी वाट. शेंद्रा-वाळूजच्या खांबांचा वाद पुढची पाच वर्षं चालू राहिला तरी या तीन मागण्या त्यासाठी थांबवायचं काहीच कारण नाही.